मागच्या दाराची किल्ली

रात्रीचे पावणेदोन वाजले होते. पुण्यातल्या माझ्या खोलीत बसून मी घाटातल्या एका टॉवरखालच्या राउटरवर काम करत होतो. काम साधंच होतं. कोणत्या पत्त्यांवरून येणाऱ्यांना या राउटरवर लॉगिन करू द्यायचं, त्याची यादी बदलायची होती. जुनी यादी काढली, नवी लावली, एंटर दाबलं. पुढची ओळ आलीच नाही.

नव्या यादीत आमच्या ऑफिसच्या पत्त्यातला एक आकडा चुकला होता. किल्ली घरात ठेवून बाहेरून दार ओढून घ्यावं, तसं मी स्वतःलाच बाहेर कोंडलं होतं. दोन मिनिटांत दुसऱ्या स्क्रीनवर ती साइट लाल झाली. देखरेख करणारा सर्व्हरही त्याच ऑफिसात असल्यामुळे त्यालाही राउटर आता आत घेत नव्हता. राउटर व्यवस्थित चालू होता, लोकांचे फोन लागत होते, फक्त आम्ही त्याच्याशी बोलू शकत नव्हतो. उजाडल्यावर कोणीतरी त्याच्याशी बोलायला जाणार आणि मग कारण सापडणार, म्हणजे मी सापडणार.

साइटच्या कागदावर रात्रपाळीच्या वॉचमनचा नंबर होता. लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

"काका, आतल्या खोलीत कपाटात एक काळा डबा आहे. त्याच्यावर कोणते दिवे लागलेत?"

"थांबा साहेब, बॅटरी घेतो." मग चपलांचा आवाज, कुलपाचा आवाज. "वरचा हिरवा हाय. खाली बारके बारके लुकलुकतायत. तांबडा एक बी न्हाई."

"त्याची वायर मागून काढा. दहापर्यंत मोजा आणि परत लावा."

मी केलेला बदल अजून सेव्ह केलेला नव्हता, त्यामुळे वीज गेली की राउटर जुनीच यादी घेऊन उठणार होता. काकांनी मोठ्याने दहापर्यंत मोजलं. सहा मिनिटांनी साइट हिरवी झाली. मी आभार मानले, तर ते म्हणाले, "त्यात काय साहेब, तुम्ही लांब, मी हितं."

'तुम्ही लांब, मी हितं' हे वाक्य डोक्यात राहिलं. नंतर फावल्या वेळात मी दूरच्या यंत्रांवर नजर ठेवण्याचा आणि त्यांच्यात शिरण्याचा इतिहास वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की या वाक्यातला दुसरा भाग हळूहळू खोडत नेण्याचाच हा इतिहास आहे.

*

सुरुवातीला प्रश्नच नव्हता, कारण माणूस यंत्राजवळच असायचा. १८८२ साली मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं तेव्हा प्रत्येक फोन माणसाच्या हातून जोडला जाई. कॅन्सस सिटीत अंत्यविधींचा व्यवसाय करणाऱ्या अल्मन स्ट्राउजरने १८९१ साली ऑपरेटरशिवाय फोन जोडणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळवलं. भारतात पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज शिमल्याला १९१३-१४ साली आलं.

ऑपरेटर गेले, पण दुरुस्तीची माणसं राहिली. स्ट्राउजर पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये यंत्रांच्या रांगाच रांगा असत. कुठे फ्यूज उडाला की घंटा वाजे आणि रांगेच्या टोकाला दिवा लागे. माणूस त्या रांगेत शिरला की नेमक्या रॅकवरचा दिवा दिसे, मग कप्पा, मग फ्यूज. काहीतरी झालंय एवढंच घंटा सांगे, कुठे झालंय ते दिवे सांगत, आणि काय झालंय ते माणूस स्वतः बघे. आजचा अलार्मचा पडदा कितीही रंगीत असला, तरी कामाची ही वाटणी तशीच आहे. फक्त तिसरा हिस्सा आता अवघड झालाय.

तो अवघड व्हायला लागला, जेव्हा खेड्यांसाठी छोटी एक्स्चेंज आली. तीस-चाळीस फोनांसाठी चोवीस तास माणूस परवडत नाही. १९३०च्या दशकात ब्रिटनच्या ग्रामीण भागात बिनमाणसांची एक्स्चेंज पसरली आणि त्यांच्या घंटेची तार जवळच्या मोठ्या एक्स्चेंजपर्यंत ओढली गेली. घंटा एका गावात आणि बिघाड दुसऱ्या गावात, अशी ही सुरुवात होती.

*

ही तार देशभर लांब झाली ती अर्पानेटमुळे, म्हणजे आजच्या इंटरनेटच्या पूर्वजामुळे. १९६९च्या ऑगस्टअखेर लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात फ्रिजएवढं एक यंत्र येऊन पोचलं. त्याचं नाव आयएमपी. आजच्या भाषेत राउटर. ते बनवणारी बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन ही कंपनी देशाच्या दुसऱ्या टोकाला, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला होती. मधलं अंतर चार हजार किलोमीटरहून जास्त.

ही यंत्रं विद्यापीठांत राहणार होती आणि कंपनीच्या फ्रँक हार्टला धास्ती होती ती तिथल्या विद्यार्थ्यांची. हुशार पोरं यंत्र उघडून बघणारच. म्हणून त्याने लष्करी वापराची, दणकट पेटीतली हनीवेल यंत्रं निवडली. पेटी उघडायची नाही, तर दुरुस्ती लांबूनच व्हायला हवी. प्रत्येक आयएमपी ठरावीक वेळाने आपल्या तब्येतीचा निरोप केंब्रिजच्या नियंत्रण केंद्राला पाठवी. आतला प्रोग्राम बिघडला, तर शेजारच्या आयएमपीकडून तो नव्याने उतरवून घेता येई. आणि ठरलेल्या वेळेत निरोप आला नाही, तर केंद्र ते यंत्र बंद पडलं असं धरून चाले. अशा तऱ्हेने गप्प बसणं हाही एक अलार्म झाला.

याचा एक मजेशीर परिणाम झाला. केंब्रिजमधली माणसं देशाच्या दुसऱ्याच भागातल्या टेलिफोन कंपनीला फोन करून सांगायची, की तुमची अमुक लाइन बिघडत चालली आहे. त्या कंपनीला स्वतःलाच ते माहीत नसायचं. हजारो किलोमीटर दूर बसलेल्या माणसाला आपल्या तारेची खबर आपल्याआधी कशी, हे त्यांना कळेना.

पण या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. यंत्रांची तब्येत कळवणारे निरोप त्याच नेटवर्कवरून जात होते, ज्याच्या तब्येतीबद्दल ते होते. २७ ऑक्टोबर १९८० रोजी हे महागात पडलं. एका आयएमपीच्या हार्डवेअरमधून काही बिट गळाले आणि लाइनींची स्थिती कळवणाऱ्या एका निरोपाच्या तीन प्रती फिरू लागल्या, क्रमांक ४४, ४० आणि ८. क्रमांक ६३ नंतर पुन्हा शून्यावर येत, त्यामुळे नवं-जुनं ठरवायची रीत घड्याळासारखी होती, बारानंतरचा एक हा बारापेक्षा नवा. या रीतीने ४४ हा ४० पेक्षा नवा ठरे, ४० हा ८ पेक्षा नवा आणि ८ हा ४४ पेक्षा नवा. प्रत्येक यंत्राला प्रत्येक प्रत ताजी वाटे आणि ते ती शेजाऱ्यांना वाटून टाके. हे काम सगळ्यात महत्त्वाचं मानलेलं असल्यामुळे यंत्रांना दुसरं काही करायला वेळच उरला नाही. कित्येक तास अर्पानेट निकामी राहिलं. कोणी हल्ला केलेला नव्हता, कुठली तार तुटलेली नव्हती. स्वतःची खबर देता देताच ते नेटवर्क गुदमरलं.

*

एकीकडे लांबून शिरायची सोय वाढत होती, तर दुसरीकडे त्या दाराला कुलूप लावायची आठवण कोणाला होत नव्हती.

१९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला एक किरकोळ काम मिळालं. संगणकाच्या वेळेच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक येत होता, तो शोधायचा. फरकाच्या मागे गेल्यावर कळलं, की कोणीतरी परका माणूस यंत्रात शिरतोय. त्याला पकडायला स्टॉलने एका शनिवार-रविवारी आजूबाजूच्या टेबलांवरचे प्रिंटर आणि टेलिप्रिंटर उचलून आणले, बाहेरून येणाऱ्या मोडेमच्या लाइनींना जोडले आणि तो तिथेच झोपला. पाहुणा जे टाइप करील ते कागदावर उमटायचं. पुढे त्याने पेजर लावून घेतला, पाहुणा आला की तो वाजायचा. सरकारी प्रयोगशाळेत घुसखोर आल्याचा अलार्म नव्हता, तर एका माणसाने तो हाताने बनवला.

पाहुणा होता पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरचा मार्कुस हेस. तो अमेरिकेतल्या लष्करी यंत्रांतही शिरत होता, आणि त्यातल्या काही यंत्रांत शिरताना त्याला काही फोडावं लागलं नव्हतं. त्या काळच्या व्हॅक्स संगणकांवर कंपनीच्या दुरुस्ती करणाऱ्यांसाठी एक खातं तयारच असे. खात्याचं नाव 'फील्ड', पासवर्ड 'सर्व्हिस'. पुष्कळ ठिकाणी तो कोणी बदललेलाच नव्हता. मेकॅनिक लांबून यावा म्हणून ठेवलेलं मागचं दार, आणि किल्ली पायपुसण्याखाली.

जिथे पासवर्ड चांगला होता, तिथेही तो उघड्यावरून जायचा. टेलनेटने लॉगिन केलं की पासवर्डची अक्षरं जशीच्या तशी तारेतून जात. पोस्टकार्डावर बँकेचा पिन लिहून पाठवावा, तसं. १९८८ साली आलेल्या एसएनएमपी या देखरेखीच्या भाषेची तीच गत होती. तिचा पासवर्ड उघडा जाई आणि बहुतेक यंत्रांवर तो 'पब्लिक' हाच ठेवलेला असे. शिवाय तिचा अलार्म सुरुवातीच्या रूपात पोच न घेता पाठवला जाई. वाटेत हरवला तर हरवला, पाठवणाऱ्याला पत्ता नसे आणि ज्याला मिळायचा त्यालाही नसे.

१९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कोणीतरी नेटवर्कवर कान लावून पासवर्ड गोळा करत असल्याचं उघड झालं. तिथला संशोधक तातू युलोनेन याने काही महिन्यांत एसएसएच लिहिलं. यात दोन्ही टोकं आधी आपसांत गुप्त किल्ली ठरवतात आणि मगच बोलतात. मधे कान लावणाऱ्याला नुसता गोंगाट ऐकू येतो. टेलनेटचा पोर्ट २३ होता, फाइली पाठवण्याच्या एफटीपीचा २१. युलोनेनने मधला २२ मागितला आणि ईमेलवर तो दुसऱ्या दिवशी मिळालाही. तो मी रोज वापरतो. त्या रात्री मी ज्या दारातून स्वतःला बाहेर काढलं, ते हेच दार. कुलूप इतकं चांगलं होतं, की घरमालकालाही त्याने आत घेतलं नाही.

*

कुलूप चांगलं असूनही आत कोणी शिरलं तर? हा प्रश्न अथेन्सने विचारला.

२००४च्या ऑलिंपिकच्या सुमारास ग्रीसमधल्या व्होडाफोनच्या एक्स्चेंजमध्ये कोणीतरी शिरलं. ती एक्स्चेंज एरिक्सनची होती. पोलिसांनी कोर्टाच्या परवानगीने फोन ऐकण्याची सोय तिच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच होती. पण ती चालवणारी आणि तिच्या प्रत्येक वापराची नोंद ठेवणारी प्रणाली मात्र तिथे बसवलेली नव्हती. शिरलेल्यांनी सुमारे ६५०० ओळींचा प्रोग्राम लिहून ती सोय स्वतःच वापरायला घेतली. पंतप्रधान कोस्तास करामानलीस यांच्यासह शंभराहून अधिक जणांचे फोन कित्येक महिने ऐकले जात होते.

मला यात सगळ्यात हादरवणारी गोष्ट वाटते ती ऐकण्याची नाही, शांततेची. त्या प्रोग्रामने स्वतःला चालू प्रक्रियांच्या यादीतून लपवलं होतं. नोंदी होऊ नयेत याची व्यवस्था केली होती. एक्स्चेंजवर नजर ठेवणाऱ्याला सगळं ठीक दिसत होतं. अर्पानेटने शिकवलं होतं की निरोप आला नाही तर काळजी करा. अथेन्समध्ये 'सगळं ठीक' असा निरोप वेळेवर येत होता, आणि तो खोटा होता.

उघड झालं तेही चुकून. २४ जानेवारी २००५ रोजी शिरलेल्यांनी आपला प्रोग्राम सुधारायला घेतला आणि त्यात गडबड होऊन ग्राहकांचे एसएमएस पोचेनासे झाले. लोकांनी तक्रारी केल्या. तक्रारींमागून शोध घेता घेता एरिक्सनचे लोक त्या ओळींपर्यंत पोचले. ८ मार्चला कंपनीने तो प्रोग्राम काढून टाकायला सांगितलं, आणि त्याबरोबर माग काढायची वाटही बंद झाली. ९ मार्चला कंपनीचे नेटवर्क नियोजन प्रमुख कोस्तास त्सालिकिदिस घरी मृतावस्थेत सापडले. त्यांच्या मृत्यूचा तपास नीट झाला नाही, असं युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१७ साली म्हटलं.

करोडोंची यंत्रणा जे सांगू शकली नाही, ते 'माझा मेसेज गेला नाही' म्हणणाऱ्या साध्या ग्राहकांनी सांगितलं.

*

४ ऑक्टोबर २०२१ची रात्र तुम्हाला आठवत असेल. नऊच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक येत राहिली. आधी वायफाय बंद-चालू केलं, मग फोन, मग ट्विटरवर जाऊन खात्री केली की फक्त आपलंच नाहीये. आमच्या हॉस्टेलच्या जुन्या ग्रुपवरचे लोक त्या रात्री कित्येक वर्षांनी एकमेकांना साधे फोन करत होते.

पुढे फेसबुकने जे सांगितलं ते असं. नेहमीच्या देखभालीत डेटा सेंटरांना जोडणाऱ्या मुख्य नेटवर्कची क्षमता तपासणारी एक कमांड दिली गेली. तिने सगळ्याच जोडण्या तोडल्या. अशा कमांड अडवणारा एक प्रोग्राम होता, पण त्यातही चूक होती. डेटा सेंटरांशी संपर्क तुटल्यावर फेसबुकचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरांनी, आपणच आजारी आहोत असं समजून, इंटरनेटवरून आपली वाट काढून घेतली. इंजिनिअरांना दुरुस्तीसाठी शिरायचं होतं, तर नेहमीची वाट बंद. अशा वेळेसाठी वेगळी ठेवलेली मागची वाट, तीही बंद. शेवटी माणसं प्रत्यक्ष पाठवावी लागली. तिथे पोचल्यावर कळलं, की या इमारती आत शिरायला अवघड जाव्यात अशाच बांधलेल्या आहेत, आणि आत गेलं तरी यंत्रांत सहजासहजी बदल करता येऊ नये अशीच ती बनवलेली आहेत. युलोनेनपासून सुरू झालेलं सगळं शहाणपण त्या रात्री दारात आडवं आलं. भारतात पहाट होत आली तेव्हा मेसेज जायला लागले.

पुढच्या वर्षी ८ जुलैला कॅनडात रॉजर्स कंपनीचं नेटवर्क कोसळलं. एका राउटरवरची एक गाळणी काढली गेली आणि मुख्य राउटरांवर न पेलणारा लोंढा आला. एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहक तुटले, अनेकांचे ९११चे फोन लागेनात, दुकानांत डेबिट कार्डं चालेनात. कंपनीचं व्यवस्थापनाचं नेटवर्क याच मुख्य नेटवर्कवर अवलंबून होतं, म्हणून तेही गेलं. इतकंच नाही, तर कंपनीच्या माणसांचे मोबाइलही त्याच कंपनीचे. एकमेकांशी बोलता यावं म्हणून त्यांना दुसऱ्या कंपन्यांची सिमकार्डं पाठवावी लागली.

१९८० आणि २०२२. यंत्रं हजारो पटींनी मोठी झाली, कुलपं भक्कम झाली. पण डॉक्टरला बोलवायची वाट रुग्णाच्याच पोटातून जाते, ही चूक तीच राहिली.

*

माझ्या त्या रात्रीनंतर आमच्याकडेही सुधारणा झाल्या. आता असा बदल करण्याआधी मी राउटरला सांगून ठेवतो, 'दहा मिनिटांत मी परत बोललो नाही, तर आपोआप रीस्टार्ट हो'. हा उपाय जुना आहे, सगळ्यांना माहीत असतो, आणि प्रत्येक जण एकदा कोंडला गेल्यावरच वापरायला लागतो. प्रत्येक साइटवर एक छोटा डबाही आला. त्यात वेगळ्या कंपनीचं सिम आहे आणि त्याची वायर थेट राउटरच्या कन्सोलला जाते. मुख्य वाट गेली तरी या वाटेने शिरता येतं. वीज लांबून बंद-चालू करता येईल असा स्विचही आला. म्हणजे वायर काढून दहापर्यंत मोजायला आता कोणी लागत नाही.

आणि मग वॉचमनही लागला नाही. दाराला सेन्सर, खोलीला कॅमेरा, डिझेलच्या टाकीला मापक. या सगळ्यांचे अलार्म एकत्र करून पडद्यावर दाखवायचा प्रोग्राम ज्या टीमने लिहिला, तिच्यात मी होतो. दार उघडलं तर कोणता रंग द्यायचा, यावर आम्ही अर्धा तास बोललो. शेवटी नारिंगी ठरला. दार उघडल्यावर जो माणूस पूर्वी 'कोण आहे?' असं विचारायचा, त्याचं नाव त्या बैठकीत निघालं नाही. मीही काढलं नाही.

काकांना मी नंतर फोन केला. ते आता चाकणजवळच्या एका सोसायटीच्या गेटवर आहेत. पगार थोडा कमी आहे, पण मुलगी जवळ राहते म्हणाले. माझी चूक त्यांना आठवत होती. "अजून करता का साहेब रात्रीचं काम?" असं हसत विचारलं. तिथे आता कोणी नसतं, हे त्यांना माहीत होतं. मी त्यात काय केलं, हे मी सांगितलं नाही.

गेल्या पावसाळ्यात, तीन वाजता, त्याच साइटचं दार नारिंगी झालं. मग बंद झालं. मग पुन्हा नारिंगी. कॅमेऱ्याच्या काचेवर पाणी होतं, नुसता करडा ठिपका दिसत होता. मागच्या वाटेने मी राउटरमध्ये शिरलो, सगळं ठीक होतं. वीज ठीक, तापमान ठीक, लाइन ठीक. खोलीत चोर आहे की वारा, एवढंच कळत नव्हतं. शेवटी एक इंजिनिअर पावसात दोन तास गाडी चालवत गेला. दाराची कडी सैल झाली होती. त्याने ती तारेने बांधली, फोटो पाठवला आणि मी पडद्यावर तो अलार्म बंद केला.